अकरा खोल्या आणि सड्यावरचं रिसॉर्ट

पाहुणे लॉज सोडून गेले की मागे काहीतरी राहतंच. मोबाइलचा चार्जर, गॉगल, एका पायाचा मोजा, एकदा तर कवळी. या वस्तू आम्ही कुरिअरने पाठवून देतो. किस्से मात्र परत मागायला कोणी फोन करत नाही. त्यामुळे ते आमच्याकडेच साठत जातात. चार मित्रमैत्रिणी जमले की मी एक सांगते, त्यावरून दुसरा आठवतो, आणि सगळ्यांचा चहा गार होतो.

आमचं लॉज मालवणच्या बाजारात आहे. अकरा खोल्या, खाली खानावळ, वर गच्ची. मालक आप्पा, म्हणजे माझे सख्खे काका. स्वयंपाक सुमतीकाकीचा. ती रोज पहिल्या एसटीने देवबागहून येते. खोल्या, सामान, नळ, दिवे हे सगळं दाजीकडे. आणि काउंटरवर मी, कोल्हापूरला हॉटेल मॅनेजमेंट शिकून हट्टाने परत आलेली.

दोन वर्षांपूर्वी इथून चौदा किलोमीटरवर, एका गावाच्या सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळपठारावर, मोठं रिसॉर्ट झालं. खाली निर्मनुष्य किनारा, वर निळं पाणी भरलेला पूल. तेव्हापासून मालवणला येणाऱ्या प्रत्येकापुढे एकच प्रश्न असतो, तिकडे राहायचं की बाजारात? आणि आमच्या घरात त्याचंच दुसरं रूप, लॉज ठेवायचं की नाही? आप्पांचा मुलगा मिलिंददादा डोंबिवलीला असतो. एका मोबाइल शोरूमवाल्याला आमची जागा हवी होती. दादा म्हणाला, "हा सीझन बघू. डिसेंबरपर्यंत लॉज नीट चाललं तर ठीक, नाहीतर जानेवारीत करार करून टाकू." आप्पा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मग लॉज वाचवायची जबाबदारी, कोणी दिलेली नसताना, मी घेतली.

* * *

पहिली अडचण आप्पाच. त्यांना खोटं बोलता येत नाही. हा गुण आहे असं शाळेत शिकवतात, पण त्या शिक्षकांनी कधी लॉज चालवलेलं नसतं.

एकदा पुण्याहून फोन आला. आप्पांनी तो स्पीकरवर घेतला.

"तुमच्याकडे सी व्ह्यू आहे का?"

"समुद्र आहे ना. सात मिनिटं चालावं लागतं."

"तसं नाही, रूममधून काय दिसतं?"

"रूममधून भांड्यांचं दुकान दिसतं."

मी समोरून खुणा करत होते. गच्ची, किल्ला, गच्ची, किल्ला! आप्पांना वाटलं मला मच्छर चावतायत.

"आम्ही त्या सड्यावरच्या रिसॉर्टचाही विचार करतोय," तिकडून आवाज आला.

"चांगलं आहे ते. तुम्ही इथे येऊन काय करणार?"

"काहीच नाही हो. चार दिवस नुसतं पडून राहायचंय."

"मग तिकडेच जा," आप्पा म्हणाले, आणि रिसॉर्टला जायला कुठल्या तिठ्यावर वळायचं तेही सांगितलं.

फोन ठेवल्यावर मी भडकलेच. "आप्पा, आपणच आपले पाहुणे दुसरीकडे पाठवायचे?"

"चेडवा, तेंका पडान रवाचा आसा. हंय सकाळी सहाक पाववालो हॉर्न वाजयत येता. तेंका उठवन आपल्याक काय गावतला?"

पुढच्याच आठवड्यात एका दुपारी एक जोडपं सामान घेऊन काउंटरसमोर उभं राहिलं. आवाज ओळखीचा होता. "आम्हीच फोन केला होता. दोन दिवस पडून झालं. आता काय करायचं तेच कळेना. रूम आहे का?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. किल्ली देताना फक्त म्हणाले, "पाववाला सहाला येतो हां."

* * *

मग आला एक तारा. म्हणजे पाचपैकी एक. ऑनलाइन रिव्ह्यूमध्ये कोणीतरी लिहिलं होतं, "खोली स्वच्छ, जेवण उत्तम. पण पहाटेपासून बाजाराचा गोंगाट. झोप झाली नाही."

मी तासभर बसून उत्तर लिहिलं. बाजार म्हणजे गावाचा श्वास, प्रवास म्हणजे माणसांना भेटणं, शांतता हवी असेल तर घरी कानात कापूस घालून बसता येतं, असं बरंच काही. आप्पांना वाचून दाखवलं.

"तेणी खोटा काय लिवल्यान?" आप्पांनी विचारलं.

मी रिव्ह्यू पुन्हा वाचला. खोटं काही नव्हतं.

"मगे भांडतंस कित्याक? लिव, मी सांगतंय."

आणि त्यांनी हात पाठीमागे बांधून, येरझाऱ्या घालत, कचेरीतल्या मराठीत मजकूर सांगितला. "आपण लिहिलंत ते बरोबर आहे. बाजार लवकर सुरू होतो आणि तो आम्हाला बंद करता येत नाही. पुढच्या वेळी मागच्या बाजूची खोली देऊ. तिकडे शेजाऱ्यांच्या म्हशीचा आवाज येतो, पण म्हैस उशिरा उठते."

मी रागाने ते शब्दन् शब्द तसंच टाकलं. म्हटलं, होऊ दे एकदाचं हसं.

पंधरा दिवसांनी नाशिकहून बुकिंगचा फोन आला. "आम्हाला बाजाराच्या बाजूची खोली हवी. ती नसेल तर म्हशीची चालेल."

* * *

तरी मला ही दैवाच्या भरवशावर चाललेली पद्धत पसंत नव्हती. मी प्रेझेंटेशन केलं. बावीस स्लाइड्स. मालवणचा बाजार, बंदर, किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या, संध्याकाळचा माशांचा लिलाव, आणि या सगळ्याच्या मधोमध आमचं लॉज. रिसॉर्ट पाहुण्याला जगापासून तोडतं, आपण त्याला जगात आणून सोडतो, हा मुख्य मुद्दा. तो मला आजही पटतो.

गच्चीवर दाजीने दोरीला चादर लावली. भाड्याने आणलेला प्रोजेक्टर सुरू केला. प्रेक्षक तीन. आप्पा खुर्चीत, सुमतीकाकी पाटावर वाल सोलत, दाजी कठड्याला टेकून. मी चाळीस मिनिटं बोलले. शेवटी घसा कोरडा पडला, पण अंगावर काटा आला होता. माझ्याच.

"काही प्रश्न?"

दाजीने शाळेसारखा हात वर केला. "बाय, सगळा बरा सांगलंस. पण तीन नंबरचो नळ गळता, तो खंयच्या स्लायडीत आसा?"

काकीने वालाची टोपली बाजूला केली. "आणि दाजी, ती चादर खंयच्या खोलयेतली काढलंस? पाच नंबरवाले आता येतले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि दाजीने मिळून नळ दुरुस्त केला. बावीस स्लाइड्सच्या योजनेतली प्रत्यक्षात आलेली ती पहिली गोष्ट, आणि ती एकाही स्लाइडमध्ये नव्हती.

* * *

शत्रूचा तळ एकदा बघून यावा म्हणून मी रिसॉर्टला गेले. तिथला फ्रंट ऑफिस मॅनेजर निखिल. हा सांगलीचा, कॉलेजात माझ्याच बाकावर बसायचा आणि माझ्याच वहीत बघून लिहायचा.

सुंदर होतं. तसं न म्हणणं खोटेपणा होईल. पूलचं पाणी जिथे संपतं तिथे समुद्र सुरू होतो असं वाटत होतं. एवढ्याशा ग्लासात कोकम सरबत आलं, वर पुदिन्याचं पान. बॅटरीवर चालणारी गाडी आवाज न करता आम्हाला फिरवत होती. वाटेत भेटलेली माणसं दोन, तीही झोपलेली.

"ये की इकडं," निखिल म्हणाला. "ब्लेझर मिळतंय, एसीत बसायचं. काय करतीस तिथं बाजारात? लोकांच्या चपला मोजतीस."

"मासे कुठून आणता तुम्ही?"

"तुमच्या मालवणातनंच. आमचा टेंपो लिलावाला जातोय रोज."

"म्हणजे मासा आमच्या दारावरून इथे येतो."

"मासा येतोय," निखिलने टाय सारखा केला, "पण इथं आल्यावर त्याची पोझिशन बदलते."

परत आले तर सुमतीकाकी तव्यावर बांगडे टाकत होती. तिला रिसॉर्टचा सगळा मेनू ऐकायचा होता. मी फोनवर काढलेला फोटो बघून वाचत गेले. सूप झालं, पास्ता झाला.

"आणि बांगडो?"

"बांगडा नाही गं काकी. सॅमन मासा आहे."

"तो खंयचो?"

"नॉर्वेचा. विमानाने येतो."

काकीने बांगडा उलटला. तो चांगला चुरचुरू दिला.

"नॉर्वेसून इलो तेका जागा गावता, आणि हयच्या बांगड्याक नाय?"

* * *

ऑक्टोबरमध्ये परबसाहेब आले. मूळचे मसुऱ्याचे, नोकरी आणि संसार मुंबईत. डिसेंबरमध्ये मुलीचं लग्न, आणि ते मालवणात करायचं असं ठरलेलं. तीन दिवस, सगळी हॉटेलं बघून, एकच निवडायचं. मी लगेच मिलिंददादाला फोन केला. तो म्हणाला, "हे लग्न आपल्याकडे झालं तर मी शोरूमवाल्याला एक वर्ष थांब म्हणून सांगेन." म्हणजे आता सगळं त्या एका लग्नावर आलं.

परबसाहेब राहिले मात्र रिसॉर्टला. "अनुभव घेऊन बघतो," म्हणाले. सोबत बायको, मुलगी आणि ब्याऐंशी वर्षांची आई.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची गाडी आमच्या दारात थांबली. आजी काठी टेकत उतरल्या. मागून साहेब आले, अवघडलेले. "आईला तिकडे करमत नाहीये. संध्याकाळपर्यंत इथे बसू दे. मी न्यायला येतो."

मी त्यांना तीन नंबरची खोली दिली, बाजाराकडे खिडकी असलेली. विचारलं, "आजी, तिथे काय कमी होतं?"

"कमी काय नाय गो. पलंग इतको मोठो, की सकाळी माझी मीच माका गावाक नाय. दर्या दिसता, झाडां दिसतत. माणूस दिसणा नाय. घंटी वाजयली की एकटो येता. तेका इचारलंय, तू खंयचो, कोणाचो? तर म्हणता कोलकाता. मगे पुढे काय बोलतलंय?"

आजी खिडकीत बसल्या. तासाभरात त्यांनी खालच्या मासेवालीशी नातं शोधून काढलं. ती त्यांच्या मावसबहिणीच्या सुनेच्या गावची निघाली. दोन तासांत त्या दुसऱ्याच कोणाच्या तरी सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, भाव वरून पाडून देत होत्या. चार वाजता खिडकीखाली तीन बायका मान वर करून उभ्या होत्या आणि मसुऱ्यात कोणाचं लग्न कुठे झालं याची उजळणी सुरू होती.

साहेब संध्याकाळी आले. "आई, चल."

"तू जा. तुझो स्विमिंग पूल आसा थंय. माझी सुंगटां शिजतत हंय."

आजी उरलेले दोन्ही दिवस राहिल्या. साहेबही दोन्ही रात्री आमच्याच खानावळीत जेवले आणि मगच सड्यावर झोपायला गेले. जाताना सोलकढीची बाटली भरून घेतली. मी दादाला सांगून टाकलं, "झालंच समज."

* * *

नाही झालं.

परबसाहेबांचा फोन आला तेव्हा आप्पा काउंटरवर होते. "रिसॉर्ट फायनल केलं. तुमच्याकडे उत्तमच आहे सगळं. पण ऑफिसची माणसं येणार, व्याही पुण्याचे. लॉजमध्ये लग्न म्हटलं की..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

"बरोबर आहे साहेब," आप्पा म्हणाले. "मुलीचं लग्न आहे. भटजी ठरले का? फुलांचं काय?" आणि त्यांनी भटजींचा, फुलवाल्याचा, वाजंत्र्यांचा, सगळ्यांचे नंबर दिले. मी काउंटर सोडून गच्चीवर निघून गेले.

दोन दिवस मी आप्पांशी बोलले नाही. मला अशा चांगुलपणाचा राग येतो. जग आपल्याला हरवत असतं आणि आपण त्याला पाणी विचारतो. त्याच रागात मी निखिलला फोन केला आणि म्हटलं, ती नोकरी अजून आहे का? तो लगेच म्हणाला, "ब्लेझरचं माप पाठव."

आप्पांनी ऐकलं असावं. संध्याकाळी माझ्यापुढे चहा ठेवला. "तुका जावचा असात तर जा. माका वायट वाटाचा नाय. पण कोणावरच्या रागान जाव नको."

मी गेले नाही. पण सांगून टाकते, माप पाठवलं होतं.

* * *

नोव्हेंबर संपत आला होता. एका सकाळी दाजी केरसुणी हातात घेऊन काउंटरशी आला. "बाय, माका तीन दिवस सुट्टी होयी. गावपळण ठरली."

आमच्याकडच्या काही गावांत ही रीत आहे. काही वर्षांनी देवाचा कौल होतो, आणि सगळं गाव शिवेबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. तीन दिवस, तीन रात्री माळावर झोपड्या घालून राहायचं. गावात एक चूल पेटत नाही. कधी निघायचं ते देव ठरवतो, आणि जेमतेम पंधरा दिवस आधी सांगतो.

दाजीचं गाव म्हणजे ज्याच्या सड्यावर रिसॉर्ट आहे, तेच. मी तारीख विचारली. मग कॅलेंडर बघितलं. मग पुन्हा विचारली. मधला दिवस परबांच्या लग्नाचा होता.

अकरा वाजता निखिलचा फोन. "अगं, हे काय चाललंय? माझा निम्म्याहून जास्त स्टाफ एकाच तीन दिवसांची सुट्टी मागतोय. कारणाच्या जागी सगळ्यांनी एकच लिहिलंय, देव."

"मग दे सुट्टी."

"जनरल मॅनेजर म्हणतायत, डबल ओव्हरटाइम देऊ."

"कोणाला, देवाला?"

"चेष्टा करू नको. ते विचारतायत, तारीख पुढं ढकलायला अर्ज कुणाकडं करायचा."

दाजीने माझ्या हातातून फोन घेतला. "साहेब, तुमीव भायर या. तीन दिवस एकटे रवान काय करतलास? आमच्या झोपडयेत जागा आसा."

गोव्याहून दुसरा स्टाफ आणून रिसॉर्टने लग्न पार पाडलंही असतं. परबसाहेबही तेच म्हणत होते. रिसॉर्टची जागा खाजगी, तिला गावाचे नियम कसे लागू होतील? पण त्यांच्या आईने मुंबईतून निघायलाच नकार दिला.

"देव गाव रिकामा करूक सांगता, आणि थंय तू मांडव घालतलंस? जमीन आसात तुझ्या कंपनीची. शीव देवाची."

परबसाहेबांनी तिथलं बुकिंग रद्द केलं, आणि रिसॉर्टने ते तीन दिवस बंदच ठेवायचं ठरवलं.

* * *

लग्नाला बारा दिवस उरले असताना परबसाहेब आमच्या काउंटरसमोर येऊन उभे राहिले. या क्षणासाठी मी एक भाषण तयार ठेवलं होतं. त्यात 'आम्ही आधीच सांगत होतो' हे वाक्य दोनदा होतं.

मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "बसा. च्या घेतलास?"

साहेब बसले. इतके दिवस आमच्याशी शुद्ध मराठीत बोलणारा तो माणूस एकदम म्हणाला, "आप्पानू, आता काय करूचा? पावणे आसत दीडशे. तुमच्याकडे खोलये अकरा."

"अकरा लॉजात," आप्पा म्हणाले. "बाजारात किती आसत ते आमी कधी मोजूक नाय." आणि मला पिटाळलं. "जा गो, फिरान ये."

मी वही घेऊन निघाले. भांड्यांच्या दुकानवाल्यांनी वरच्या दोन खोल्या दिल्या. मेडिकलवाल्यांनी अख्खा वरचा मजला. निवृत्त झालेल्या एका बाईंनी स्वतःची झोपायची खोली देऊन टाकली आणि म्हणाल्या, "मी तीन दिवस लेकीकडे जाते, नाहीतरी ती बोलावतेच आहे." एकीने फक्त अट घातली, "माका मुलीकडचे दी. मसुऱ्याचे आसत, बोलाक बरे." संध्याकाळपर्यंत वहीची चार पानं भरली. बाजाराच्या त्या एका रस्त्यावर दीडशे माणसांची सोय झाली, आणि भाडं किती मिळणार हे मला एकानेही विचारलं नाही. मी बावीस स्लाइड्समध्ये जे सिद्ध करायचा प्रयत्न करत होते ते हेच होतं. फक्त मला ते असं दारोदार फिरून मिळेल असं वाटलं नव्हतं.

लग्न देवळाच्या सभागृहात, जेवणाच्या पंगती आमच्याकडे. पुण्याचे व्याही भांड्यांच्या दुकानाच्या वर उतरले. पहिल्या सकाळी ते जिन्यात येऊन विचारू लागले, "इथे रूम सर्व्हिसला कोणता नंबर डायल करायचा?"

खालून दुकानदारीणबाई म्हणाल्या, "डायल कित्याक? हाक मारा."

दुसऱ्या दिवशी मी ऐकलं, व्याही वरूनच ओरडत होते, "वहिनी, दोन चहा! आणि पाववाला गेला का?"

निखिल रिसॉर्टच्या उरलेल्या आठ माणसांना घेऊन मदतीला आला. सगळे ब्लेझरमध्ये. सुमतीकाकीने त्याला आपादमस्तक बघितलं.

"कोट काढ आधी. काळ्या वाटाण्याचो डाग जावचो नाय."

* * *

आता शेवटचा.

लग्नाच्या दिवशी दुपारी तिसरी पंगत बसली होती. मी सोलकढी वाढत होते, म्हणून काउंटरवर आप्पा एकटेच होते. तेवढ्यात दारात मिलिंददादा उभा. हातात बॅग, खांद्यावर लॅपटॉप. शोरूमच्या कराराचे कागद त्याने सोबत आणलेत, हे मला फोनवर आधीच कळलं होतं. लग्न सभागृहात, आपल्याकडे फक्त पंगती, म्हणजे एक वर्ष थांबायचा शब्द लागू नाही, असं त्याचं म्हणणं. पण हा उतरणार कुठे होता, ते तेव्हा कळलं.

"आप्पा."

आप्पांनी चष्म्यावरून बघितलं. "नमस्कार. बुकिंग आहे का?"

आप्पा घरात कधी शुद्ध मराठी बोलत नाहीत. मी सोलकढीचा जग धरून जागीच उभी राहिले.

"आप्पा, मी आसंय."

"हो. बुकिंग आहे का?"

"बुकिंग तिकडे होता. रिसॉर्टाक." दादाचा आवाज खाली गेला. "हंय आवाजान माका झोप लागणा नाय म्हणान. तेंनी रद्द केल्यानी."

"अच्छा."

"मगे घरात पडतंय."

"घर मुंबईच्या पाहुण्यांना दिलंय. मी स्वतः गच्चीवर झोपतो." आप्पांनी रजिस्टर पुढे ओढलं, पेनाचं टोपण काढलं. "पूर्ण नाव सांगा."

"आप्पा, काय ह्या..."

"नियम आहे. पूर्ण नाव."

दादाने नाव सांगितलं. मधल्या नावाच्या ठिकाणी आप्पांनी स्वतःचंच नाव लिहिलं, न थांबता, स्वच्छ अक्षरात.

"कुठून आलात?"

"डोंबिवली."

"येण्याचं कारण?"

दादाने बॅगेकडे बघितलं. मग पंगतीकडे. आप्पा पेन टेकवून थांबले होते, त्यांना घाई नव्हती.

तेवढ्यात आतून सुमतीकाकी भाताचं पातेलं घेऊन आली. "मिलिंदा, इलंस? बरा झाला. वाढपी कमी पडतत. ह्यो भात घे, त्या टोकाक अजून पावाक नाय." आणि उत्तराची वाट न बघता पातेलं त्याच्या हातात दिलं.

दादाने बॅग काउंटरखाली सरकवली आणि तो गेला.

तिसरी पंगत उठली, चौथी बसली, चौथी उठली. दादाच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत गेल्या. परबांच्या आजींनी त्याला दोनदा थांबवून, तू कोणाचो, म्हणून विचारलं आणि दोन्ही वेळा त्याने काउंटरकडे बोट दाखवलं. त्याच्या खिशातला फोन सारखा वाजत होता.

चारच्या सुमाराला, पाचवी पंगत बसत असताना, त्याने एका हाताने पातेलं कमरेवर धरून फोन घेतला. मी शेजारीच होते. शोरूमवाल्याचा आवाज मला सरळ ऐकू आला. "सर, जागेचं माप घ्यायला उद्या माणूस पाठवू ना?"

दादाने पानांच्या दोन ओळी बघितल्या. शेवटच्या पानावर अजून कोणीतरी दाटीवाटीने मांडी घालत होतं.

"नाही हो," तो म्हणाला. "जागा रिकामी नाही."

आणि फोन खिशात टाकून भात वाढायला पुढे गेला.